जुन्या दाव्यांतले जबाब रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानाच्या तळाशी अधूनमधून एक जाहीर सूचना येते. अमुक सालापर्यंत निकाली निघालेल्या दिवाणी प्रकरणांचे कागद मुदत संपल्यामुळे नष्ट करायचे आहेत, पक्षकारांना आपले मूळ दस्त हवे असतील तर त्यांनी अमुक दिवसांत अर्ज करावा, अशा मजकुराची. ती वकिलांचे कारकून वाचतात आणि रद्दीचे ठेकेदार वाचतात. मीही वाचते, कारण माझी सगळी नोकरी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात झाली आणि तिचा शेवटचा मोठा भाग रेकॉर्ड रूममध्ये गेला. परवा मुलीने ई-पेपर उघडून दिला, तर पुन्हा तीच सूचना. म्हणून हे पत्र.

सूचनेत बेकायदा काही नाही. १९१७ चा अभिलेख नष्ट करण्याचा कायदा आहे, उच्च न्यायालयाची नियमावली आहे, किती काळ ठेवायचे त्यानुसार कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे. शिवाय जागेची अडचण खरी आहे. भिंतीला टेकलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पावसाळ्यात ओल धरतात, वाळवी लागते, आणि वरच्या फळीवरचा बस्ता काढायला शिपाई शिडीवर चढला की खाली उभ्या असलेल्याच्या अंगावर अर्धा कागद आणि अर्धी धूळ पडते. सगळेच ठेवा असे म्हणणाऱ्याने एक दिवस तिथे बसून बघावे.

माझे म्हणणे वेगळे आहे. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे आपण फक्त उद्याच्या नकलेच्या अर्जाकडे बघून ठरवतो. हुकूमनामा टिकतो, कारण त्याची नक्कल कोणीतरी मागणार. साक्षीदारांचे जबाब, भांड्याकुंड्यांच्या याद्या, सूट मागणारे किरकोळ अर्ज यांची मुदत त्याआधी संपते. आणि माणसे असतात ती नेमकी या दुसऱ्या ढिगात. नोकरीत असताना मला हे जाणवायचे, पण कोणाला पटवून देता येईल असा दाखला हाताशी नव्हता. तो इकडे आल्यावर मिळाला.

सध्या माझा मुक्काम अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या सॉल्सबरी गावी, मुलीकडे आहे. इथल्या विद्यापीठात नॅब सेंटर नावाचे स्थानिक इतिहासाचे केंद्र आहे. या द्वीपकल्पातल्या जुन्या कोर्टांच्या वह्या तिथे मायक्रोफिल्मवर बघता येतात. तेरा नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला जात राहिले की व्हर्जिनियाच्या हद्दीत ईस्टव्हिल लागते. ते नॉर्दम्प्टन काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोर्टाचे गाव. या कोर्टाचे दप्तर १६३२ पासून सलग आहे. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींचे इतके जुने अखंड कोर्ट दप्तर दुसरीकडे नाही. शिवाजी महाराज दोन वर्षांचे असताना सुरू झालेली वही आजही त्याच काउंटीत आहे, हे ऐकल्यावर माझ्यासारखीला घरात चैन पडणे शक्य नव्हते.

वहीचे अक्षर पहिल्यांदा बघितले तेव्हा घाम फुटला. त्या काळच्या इंग्रजी कारकुनी वळणाला आपल्या मोडीसारखीच सवय लागते. सवय होईपर्यंत छापील लिप्यंतर शेजारी ठेवायचे. तारखांचीही गंमत आहे. इंग्रजांचे वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला बदलायचे, त्यामुळे फेब्रुवारीतल्या नोंदीला १६५२/५३ असे जोडसाल लिहितात. फसली आणि शके यांचे हिशेब जुळवण्यात ज्यांची उमेद गेली त्यांना याचे काही वाटणार नाही.

मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. या कोर्टाने कागद वेगवेगळे लावलेच नव्हते. कर्जाचा निकाल, शेजारणीला शिवी दिल्याची फिर्याद, खरेदीखत, मृत्युपत्र, कुणाच्या गुरांच्या कानाला कसली खूण आहे त्याची नोंद, साक्षीदाराचा जबाब, सगळे एकाच बांधीव वहीत, एकाखाली एक. त्यामुळे पुढे साडेतीनशे वर्षांत कोणाला वाटले असते तरी बिनकामाचे तेवढे काढून टाकता आले नसते.

बड्या घराण्यांना या वह्यांची तशी गरज पडली नसती. कस्टिस घराणे बघा. चौथ्या जॉन कस्टिसचा मुलगा डॅनियल मेला, आणि त्याची विधवा मार्था हिने १७५९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनशी लग्न केले. म्हणजे घराणे किती वरचे ते समजेल. या जॉनने १७४९ च्या मृत्युपत्रात मुलाला अट घातली, की माझ्या थडग्यावर मी सांगतो तोच मजकूर कोरायचा, नाहीतर इस्टेटीला मुकशील. मजकूर असा, की हा गृहस्थ एकाहत्तर वर्षांचा होऊन वारला, पण जगला सातच वर्षे, म्हणजे लग्नाआधी आर्लिंग्टनच्या घरी एकटा राहत होता तेवढी. ते थडगे अजून आहे. बायकोशी त्याचे किती पटत होते हे मात्र नॉर्दम्प्टनच्या कोर्टात नोंदलेल्या १७१४ च्या करारात सापडते. तिने घेतलेले पैसे आणि चांदीची भांडी परत करावीत, इथून पुढे त्याला वाईटसाईट नावे ठेवू नयेत, त्यानेही तिला तसे बोलू नये, दोघांनी गुण्यागोविंदाने नांदावे. आपल्याकडे पोटगीच्या दाव्यात दोन्ही वकील तडजोडीची पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, देतात, तिचा मसुदा याहून फार निराळा नसतो. मी वाचनालयात एकटीच हसले, आणि पलीकडच्या टेबलावरच्या आजोबांनी चष्म्यावरून बघितले.

पण कस्टिसांचे कोणीही शोधून काढेल. ज्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते घर अँथनी आणि मेरी जॉन्सन यांचे.

१६२५ च्या सुरुवातीला व्हर्जिनियातल्या वसाहतीची शिरगणती झाली. तीत जेम्स नदीकाठच्या बेनेटच्या मळ्यावर 'अँटोनियो, नीग्रो' अशी एक नोंद आहे. तो १६२१ मध्ये 'जेम्स' जहाजातून आला. त्याच मळ्यावर 'मेरी, नीग्रो बाई', ती १६२२ मध्ये दुसऱ्या जहाजातून आली. आडनाव नाही, गाव नाही, वय नाही. पुढे दोघांचे लग्न झाले, दोघे मुक्त झाले, आणि चेसापीकची खाडी ओलांडून या पूर्वेच्या किनाऱ्यावर आले. त्यांच्या मुक्ततेचा दाखला म्हणून एखादा कागद दाखवता येत नाही. जे काही कळते ते पुढच्या पन्नास वर्षांतल्या किरकोळ नोंदी ओळीने लावून कळते.

१६४५ ची एक जबानी आहे. कॅप्टन टेलरच्या मळ्यावरच्या अँथनीने टेलरबरोबर मक्याच्या शेताची वाटणी करून घेतली आणि म्हणाला, आता माझी जमीन कोणती ते मला ठाऊक आहे, मनात येईल तेव्हा काम करीन आणि मनात येईल तेव्हा खेळीन. जबानी देणारा होता एडविन कॉनवे, त्या कोर्टाचाच कारकून. बहुतेक इतिहासकार हा अँथनी म्हणजे जॉन्सनच असे धरतात. मला त्याच्या इतकेच कॉनवेचे कौतुक वाटले. शेतावर कानावर पडलेले वाक्य त्याने तोडून-मोडून कोर्टाच्या भाषेत बसवले नाही. आमच्याकडे साक्षीदार दहा वाक्ये बोलतो आणि कागदावर 'मला दाव्यातील मिळकत माहीत आहे' एवढेच उतरते, हे कोर्टात वावरलेल्या कोणालाही विचारा.

१६५१ मध्ये जॉन्सनच्या नावे २५० एकर जमीन झाली. त्या वसाहतीत जहाजाचे भाडे भरून एक माणूस आणला की ५० एकर मिळत; त्याने पाच माणसांची नावे दाखवली होती. (याच पद्धतीच्या १६३५ सालच्या एका यादीत, जॉर्ज मेनिफी नावाच्या बड्या माणसाने दाखवलेल्या नावांत, 'टोनी, ईस्ट इंडियन' असा एकजण आहे. आपल्या मुलखातल्या माणसाची उत्तर अमेरिकेतली ही अगदी जुन्या नोंदींपैकी एक, आणि तीही दुसऱ्याच्या एकरांच्या हिशेबात.) दीड-दोन वर्षांत जॉन्सनांच्या घराला आग लागली. २८ फेब्रुवारी १६५२/५३ ला कोर्टाने मेरी आणि तिच्या दोन मुलींना आयुष्यभरासाठी कर माफ केला. हा किरकोळ अर्जावरचा हुकूम. आमच्याकडे पहिल्या फेरीत गेला असता. पण तो नीट वाचा. त्यात लिहिले आहे की हे दोघे तीसहून अधिक वर्षे व्हर्जिनियात राहिले आहेत, आणि त्यांचे कष्ट व सेवा सर्वांना माहीत आहेत. तीस वर्षे मागे मोजली की आपण १६२१-२२ ला पोचतो आणि शिरगणतीतले अँटोनियो-मेरी हेच, हा दुवा पक्का होतो. शिवाय त्या काळी गोऱ्या बाईवर हा कर नव्हता आणि काळ्या बाईवर होता. म्हणजे कोर्टाने त्या तिघींना तेवढ्यापुरते गोऱ्या शेजारणींच्या बरोबरीला बसवले. वंशावळ आणि समाजस्थिती, दोन्ही एका माफीच्या अर्जात.

आता ज्या दाव्यामुळे हे घर आज ओळखले जाते तो. १६५५ च्या मार्चमध्ये कोर्टाने निकाल दिला की रॉबर्ट पार्करने जॉन्सनचा नोकर जॉन कॅसर याला अन्यायाने ठेवून घेतले आहे, त्याला जॉन्सनकडे परत पाठवावे आणि खर्च पार्करने द्यावा. कॅसरही काळाच. जॉन्सनचे म्हणणे, हा माझा जन्मभराचा नोकर. इंग्रजी वसाहतीत फौजदारी गुन्हा नसताना कोर्टाने एखाद्याला आयुष्यभराचा गुलाम ठरवले, त्याच्या पहिल्या दाखल्यांत या निकालाची गणना होते. स्वतः राबून सुटलेल्या माणसाने दुसऱ्याला सोडू नये, हे वाचून वाईट वाटते. ते झाकायचे कारण नाही.

पण केवळ निकाल हातात असता तर एवढेच कळले असते. त्याच वहीत कॅप्टन सॅम्युएल गोल्डस्मिथचा जबाब आहे. हा गृहस्थ आदल्या नोव्हेंबरात तंबाखूचे पिंप न्यायला जॉन्सनकडे गेला होता. कॅसर त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो होतो, यांनी मला त्याहून सात वर्षे जास्त राबवले, माझ्यावर अन्याय होऊ देऊ नका. गोल्डस्मिथने करारपत्र विचारले. जॉन्सन म्हणाला, मी ते कधी पाहिले नाही. रॉबर्ट आणि जॉर्ज हे पार्कर बंधू मध्ये पडले. करारपत्र खाडीपलीकडे एकाजवळ आहे, आणि याला सोडले नाहीस तर हा कॅसरच तुझ्या बहुतेक गाई वसूल करून घेईल, असे त्यांनी सांगितले. गोल्डस्मिथ पुढे सांगतो, की जॉन्सन फार घाबरलेला दिसला, आणि त्याचा जावई, बायको व दोन मुलगे यांनी त्या म्हाताऱ्याची समजूत घालून कॅसरला सोडायला लावले. सोडल्यावर मग जॉन्सनने दावा केला.

एका तंबाखूवाल्याच्या जबाबात घरातली सगळी माणसे दाराशी येऊन उभी राहतात. जावई आहे म्हणजे मुलीचे लग्न झालेले आहे. दोन मुलगे बापाला सल्ला देण्याइतके मोठे आहेत. बाईचे मत घेतले जाते. घरची खरी दौलत गाई, आणि भीती घालायची तर त्यांचीच. यातले एक अक्षर हुकूमनाम्यात नाही.

पुढे १६६५ च्या सुमारास सगळे घर मेरीलँडमध्ये, मी राहते त्याच भागात, आले. कॅसरही बरोबर आला. विकोमिको खाडीजवळची ३०० एकरांची जमीन भाडेपट्ट्याने घेतली, तिचे नाव 'टोनीज व्हिनयार्ड'. १६७० मध्ये अँथनी वारला. त्याच ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात पंचांनी ठरवले की तो 'नीग्रो, आणि म्हणून परका' होता, तेव्हा त्याची तिथली जमीन सरकारजमा व्हावी. रिचर्ड या मुलाला दिलेले ५० एकर, ज्यावर तो बायकापोरांसह राहत होता, जॉर्ज पार्करकडे गेले. पंधरा वर्षांपूर्वी गाईंची भीती घालणाऱ्या भावांपैकी हा एक. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन नावे वेगवेगळ्या पानांवर सहज निसटतील; सूची करणाऱ्या कारकुनाच्या नजरेतून निसटत नाहीत.

मेरी नवऱ्यामागे काही वर्षे होती. १६७२ मध्ये तिने नातवांना एकेक गाय दिल्याची नोंद आहे. जॉन नावाच्या नातवाने १६७७ मध्ये ४४ एकर विकत घेतले आणि त्या जमिनीला नाव दिले 'अंगोला'. आजोबा कुठून आले हे शिरगणतीने लिहिले नव्हते, आजीने कुठे सांगून ठेवले नव्हते, निदान कागदावर. ते नातवाच्या खरेदीखतात येते. तो १७०६ मध्ये वारला. त्यानंतर हे घर दप्तरातून दिसेनासे होते.

शेजारच्या फ्रान्सिस पेनचे मृत्युपत्रही मुद्दाम बघितले. यानेही १६४३ मध्ये मालकिणीशी करार करून, तीन नोकर आणून देण्याच्या बोलीवर, सुटका करून घेतली होती. १६७३ च्या मृत्युपत्रात मिळकत बायको एमीला दिली आहे. गुलाम म्हणून सुरुवात केलेल्या माणसाने स्वतःच्या इस्टेटीची व्यवस्था लावली आणि कोर्टाने ती नोंदून घेतली, हे तीस वर्षांच्या अंतराने लिहिलेले दोन कागद एकत्र ठेवल्यावरच कळते.

आता आपल्याकडे येते. १८२७ चे मुंबई रेग्युलेशन आठ आजही वारस दाखल्यासाठी आपण वापरतो. त्या दाखल्याच्या चौकशीत गावच्या चार माणसांचे जबाब असतात: मयताला बायका किती, मुले कोणती जगली, कोण मुंबईला गिरणीत गेले. सावकारांविरुद्धच्या सुप्याच्या दंग्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत त्याखाली चाललेल्या दाव्यांत कुणब्याला त्याच्या कर्जाचा सगळा इतिहास सांगावा लागे, कोणाच्या लग्नाला किती काढले इथपासून. वाटपाच्या दाव्यांना जोडलेल्या याद्यांत तांब्याची घागर, पितळी समई, बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ आणि 'एक पाटा, वरवंटा नाही' असे लिहिलेले मी स्वतः वाचले आहे. सहीच्या जागी कुणब्याचा नांगर आणि बाईची बांगडी असलेले कागद आपल्या संग्रहालयांत काचेखाली ठेवतात. तशाच घरांतल्या माणसांचे अंगठे आमच्या रुमालांत क आणि ड वर्गात पडून असतात.

अलीकडे उत्तर तयार असते: सगळे स्कॅन होणार आहे. होऊ दे, पण स्कॅन काय होते ते बघा. निकाल आणि चालू प्रकरणे आधी, कारण त्यांना मागणी आहे. मोडी कागदांपाशी यंत्रावरचा मुलगा थांबतो, कारण फाइलचे नाव काय द्यायचे हेच त्याला वाचता येत नाही. दुसरे उत्तर असते, की सगळे एका मोठ्या ठिकाणी हलवू. व्हर्जिनियात यादवी युद्धाच्या वेळी काही काउंट्यांनी आपली दप्तरे सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंडला पाठवली. ३ एप्रिल १८६५ च्या आगीत ती गेली. इथले वंशावळ शोधणारे त्यांना आजही 'जळालेल्या काउंट्या' म्हणतात आणि तिथल्या घराण्यांबद्दल विचारले की हात झटकतात. ईस्टव्हिलच्या वह्या गावातच राहिल्या.

म्हणून मागणी मोठी नाही. १९५० पूर्वीच्या प्रकरणांचे जबाब, वारस चौकशा, मृत्युपत्रे आणि मिळकतीच्या याद्या नष्ट करण्याआधी पुराभिलेख खात्याला आणि जिल्ह्यातल्या इतिहास मंडळांना कळवावे, बघायला मुदत द्यावी. आजची सूचना फक्त पक्षकारांना उद्देशून असते. ऐंशी वर्षांपूर्वीचा पक्षकार अर्ज घेऊन कुठून येणार? ज्या रुमालांना सूची नाही त्यांची निदान गाव, पक्षकार, साल आणि दाव्याचा प्रकार एवढ्या चार रकान्यांची यादी झाल्याशिवाय ते खाली उतरवू नयेत. उच्च न्यायालयाच्या परिपत्रकाने हे होऊ शकते, कायदा बदलावा लागत नाही.

मनुष्यबळ नाही, असे सांगितले जाईल. प्रत्येक जिल्ह्यात मोडीचे वर्ग केलेली मंडळी आहेत आणि आमच्यासारखे निवृत्त कर्मचारी आहेत, ज्यांना रोजनामा कुठे असतो आणि निशाणी क्रमांक कसा शोधायचा हे सांगावे लागत नाही. मी मार्चअखेर परत येते आहे. जिल्हा न्यायाधीश साहेबांनी परवानगी दिली तर सकाळी अकरा ते एक बसायची माझी तयारी आहे, मानधन नको. मास्क आणि हातमोजे तेवढे ऑफिसने द्यावेत.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
(सध्या मुक्काम सॉल्सबरी, मेरीलँड; नाव छापू नये ही विनंती)